गुरू वालेरियनची गाणारी काठी

"उठली! बाई गं, उठली!"

जर्मनीतल्या कोलोन शहरातल्या त्या चार मजली इमारतीच्या अंगणात एकच गलका झाला. मघाशी मान टाकून पडलेली कुंडीतली बेझिल, म्हणजे तुळशीची मावसबहीणच, आता कशी ताठ उभी होती! शेजारच्या पोलमनसाहेबांनी आनंदाने टोपी उडवली, ती थेट रूबार्बच्या आंबटगोड केकवर जाऊन बसली, आणि केककडे कुणाचं लक्षही गेलं नाही. चमत्कार केवढा मोठा, ते यावरूनच समजावं.

गाडीतून तांब्याच्या चकत्या विकत फिरणारे गुरू वालेरियन मात्र डोळे मिटून होते. कुंडीत रोवलेली जाड बांबूची काठी त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती.

"मी नाही गायलो, भगिनींनो," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मुळं गायली. मी नुसता सूर धरला. या सुरात भिजवलेली तांब्याची चकती कुंडीत पुरा. माती आईच्या कुशीसारखी ऊबदार राहील. टोमॅटोची रोपं आजच बाहेर काढा!"

याच इमारतीत राहणाऱ्या हिल्डेगुंडच्या हातातली जपमाळ थबकली. रोज सकाळी चर्चला जाणारी, शुक्रवारी मांसाला न शिवणारी ही बाई कुणाशी वरच्या आवाजात बोलायची नाही. पण आज बाहेर काढायचे टोमॅटो? उद्यापासून तर बर्फाचे संत सुरू! मे महिन्यातले हे गार दिवस पांक्राझ संताच्या दिवशी लागतात, 'थंडगार सोफी' या संतिणीच्या दिवशी सरतात. तोवर टोमॅटोची रोपं खिडकीच्या आत, ही तिथली जुनी रीत.

तेवढ्यात चौथ्या मजल्यावरून दोरीला बांधलेली टोपली सरसरत खाली आली. वरून तिची थोरली बहीण ओटीली ओरडली, "हिल्डे, चकत्या टाक त्यात! मी रोपं गॅलरीत मांडतेय!"

"थांब गं! आभाळ निरभ्र आहे, रात्री गोठेल!"

"रोज देवळात जातेस आणि चमत्कारावर विश्वास नाही तुझा?"

"आहे, म्हणून तर थांब म्हणते!"

लोक खो खो हसले. हिल्डेगुंडला हसू आलं नाही. गुडघ्यांमुळे ओटीलीचं जिने उतरणं बंद झालं होतं. तिचं शेत, तिची बाग, तिचं फिरायला जाणं, सगळं त्या हातभर गॅलरीत. थंडीभर खिडकीत वाढवलेल्या रोपांशी ती पोटच्या पोरांसारखी बोलायची. एका रात्रीत ती काळी पडली, तर?

"बाई," गुरूंनी टोमणा मारला, "बर्फाच्या संतांना भिता आणि माझ्या सुरावर शंका घेता?"

"संतांची नावं लक्षात राहायला बरी पडतात," ती हळूच म्हणाली. "थंडीचं मी थर्मामीटरला विचारते."

बोलता बोलता तिने बेझिलच्या मातीत बोट खुपसलं. ओली! सकाळी तर ही माती कोरडीठाक होती. मग तिला आठवलं, सूर चढला की गुरूंचा अंगठा काठीच्या वरच्या टोकावरून हलकेच उचलला जात होता.

ती आपली कोमेजलेली बेझिल घेऊन आली. "हिच्यावरही गा ना, गुरुजी."

गुरू आपल्या गाडीत जाऊन "काठी शुद्ध करून" आले. काठी कुंडीत रोवून त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात हिल्डेगुंडने पुढे होऊन भक्तिभावाने हात लांब केला.

"आशीर्वाद घेते हं." गुरूंचा अंगठा सरकवून तिने आपला तळवा काठीच्या टोकावर घट्ट दाबला आणि अख्खी काठी मातीतून उपसली.

"अहो, काय करताय! सूर तुटेल!"

"तुटू दे," म्हणत तिने तळवा उचलला. भळाभळा पाणी आलं आणि गुरूंचे चामड्याचे बूट न्हाऊन निघाले.

पोलमनसाहेब असे हसले की खुर्चीसकट आडवे झाले.

हिल्डेगुंडने सरबतात एक नळी बुडवली, वरचं तोंड बोटाने दाबून उचलली. सरबत आतच राहिलं. बोट काढलं, सांडलं. "काठी आतून पोकळ आहे. वरून हवा शिरली नाही की खालून पाणी पडत नाही. बेझिल तहानेने मान टाकते, पाणी मिळालं की घटकाभरात उठते. गाणं नुसतं तेवढा वेळ काढायला. आणि चकतीला हात लावून बघा, गारच आहे."

तिने आपल्या कुंडीत साधं पेलाभर पाणी घातलं. कॉफी आणि केक संपेतो तीही उठली, कुणी एक सूरही न लावता. गुरूंची गाडी तोवर पसार झाली होती.

"ओटीली! ऐकलंस ना?"

वरून कुंड्या सरकल्याचा आवाज आला. "नेतेय आत," ओटीली कुरकुरली. "पण माणूस गात छान होता गं!"

पहाटे पारा शून्याखाली गेला. पोलमनसाहेबांनी हौसेने बाहेर ठेवलेली मिरचीची रोपं काळी पडली. ओटीलीची रोपं काचेआड हिरवीगार होती, आणि ती त्यांच्याशी बोलत बसली होती.

खरा चमत्कार ओळखायचा कसा, असं लोकांनी विचारलं तेव्हा हिल्डेगुंड एवढंच म्हणाली, "देवाला काठीत पाणी लपवावं लागत नाही. जो लपवतो, त्याला प्रश्न विचारा. विचारल्याने ज्याला राग येतो, तो देव नव्हे."