रस्त्याकडे तोंड

लॉरी वळणावर आली तसा युलीनने मांडीवरचा आरसा घट्ट धरला आणि मान बाहेर काढून मागे पाहिलं. मागे तिचं अख्खं घर होतं. भिंती, छप्पर, दार, खिडक्या, सगळं सुटं करून दोरांनी बांधलेलं. मळ्याच्या मालकाने जमीन विकायला काढली, म्हणून भाड्याच्या जागेवरचं ते लाकडी घर मिस्त्री क्लायन आणि त्याच्या माणसांनी सकाळीच उतरवलं होतं. अंधार पडायच्या आत ते पुन्हा उभं राहायला हवं होतं. नाहीतर धाकट्या भावाच्या, डार्नलीच्या बंगल्यात मुक्काम करावा लागणार. एकदा तिथे उशी टेकली की तो परत निघू देणार नाही, हे ती जाणून होती.

बेटावरच्या सेंट फिलिप परगण्यातली ही जागा आईने दोघांच्या नावावर ठेवली होती. डार्नली जन्मभर इंग्लंडात बस चालवून चार महिन्यांपूर्वी कायमचा परतला होता. रस्त्यालगत हिरवळीची पट्टी सोडून त्याने पुरुषभर उंच भिंत घातली होती, आणि तिच्याआड बंगला. घर टेकवायला दगड मांडून ठेवतो, तू फक्त घर आण, असं त्याने फोनवर सांगितलं होतं.

दगड मांडलेले होते. बंगल्याच्या पार मागे, डुकरांच्या जुन्या खोपटाशेजारी.

"इथे?" युलीनने विचारलं.

"सावली आहे. वाराही चांगला येतो. आणि रस्त्यावरून..." डार्नली अडखळला.

"रस्त्यावरून दिसत नाही."

तो खाली बुटांकडे बघत राहिला. युलीनला संताप तर आलाच, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. याच लाकडी घरात दोघं लहानाची मोठी झाली होती.

"क्लायन, दगड उचला," ती म्हणाली. "पुढे घ्या, भिंतीच्या बाहेर. दार रस्त्याकडे."

"अगं, तिथे मी हिरवळ लावलीय."

"अर्धी जागा माझी. माझ्या अर्ध्यावर घर, तुझ्या अर्ध्यावर गवत."

माणसं खुदकन हसली. इंग्लंडच्या साहेबांची परवानगी आहे ना, असं क्लायनने मुद्दाम मोठ्याने विचारलं. साहेबांनी आत जाऊन फाटक लावून घेतलं.

मग हातोड्यांचा आवाज थांबेना आणि युलीनचा पाय एका जागी ठरेना. चुलीवर तुरीच्या दाण्यांचा भात शिजत होता. तो ढवळायची, मध्येच उठून भिंत ओळंब्यात आहे का बघायची, मग सूर्याकडे. छपराचा शेवटचा पत्रा बसला तेव्हा ऊन उसाच्या शेंड्यांवर आलं होतं. माणसं जेवून गेली.

तिने खिडकी उघडली आणि पायरीवर येऊन बसली. बसमधून उतरलेली माणसं घरी चालली होती. नवं घर दिसताच जो तो थबके, नाव विचारे, बरं आहे ना म्हणे.

फाटक करकरलं. डार्नली आला आणि खालच्या पायरीशी उभा राहिला.

"चार महिने झाले," तो म्हणाला. "इथून जाणाऱ्या एकाही माणसाने मला हाक मारली नाही."

युलीन बाजूला सरकली. तो बसला.

डोक्यावर पाटी घेतलेली एक म्हातारी थांबली. तिने युलीनची विचारपूस केली, मग हनुवटीने डार्नलीकडे खूण केली.

"आणि हा गं कोण?"

"माझा भाऊ. इंग्लंडहून आलाय."

"कधी आला?"

"आजच," युलीन म्हणाली.