दगडाबाईंचा चांगला फोटो

मित्रांनो, मी एक जुना, स्वस्तातला डीएसएलआर कॅमेरा आहे आणि मला झेंडूच्या हाराची फार भीती वाटते.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही, कारण तोंडाला झाकण होतं. झाकण निघालं ते थेट कळंबला, हर्षालीच्या हातात. हर्षाली बारशांचे, साखरपुड्यांचे, शाळेच्या गॅदरिंगचे फोटो काढते. माझ्या खोक्यावर 'नवशिक्यांसाठी' असं छापलेलं होतं. त्याचं मला वाईट वाटत नाही. म्हणजे वाटतं, पण थोडंच.

माझे गुण सांगतो. मी वजनाला हलका आहे. गळ्यात अडकवून स्कूटीवरून ईट गावापर्यंत नेलं तरी मान दुखत नाही. माझ्या छोट्या खिडकीला डोळा लावला की समोरचं खरंखुरं दिसतं, त्याला बॅटरी लागत नाही. म्हणून एकदा चार्ज केलं की मी हळदीपासून वरातीपर्यंत टिकतो. आणि भर उजेडात मी इतके सुंदर फोटो काढतो की माणसं म्हणतात, हा मी नव्हेच.

दोष एकच, पण मोठा. उजेड कमी झाला की मी घाबरतो. भिंग घर्र घर्र पुढं-मागं फिरवत फोकस शोधत बसतो आणि शेवटी जे आधी सापडेल ते पकडतो. एका साखरपुड्यात अंगठी घालताना मी मागचा पाण्याचा जार पकडला. जार फार स्पष्ट आला. पुढं तो फुटला, असं ऐकतो.

तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

कारण आमच्याकडे घरातलं माणूस थकलं की त्याचा एक 'चांगला फोटो' काढून ठेवतात. कशासाठी, ते कुणी बोलत नाही. मागं कोरी भिंत धरा, एवढंच सांगतात. असे पुष्कळ फोटो मी काढले. मग कधीतरी त्याच घरी बारशाला जावं, तर भिंतीवर तोच फोटो आणि त्याला हार. दर वेळी असंच. मी नीट विचार केला आणि एकच अर्थ निघाला. मी ज्याचा चांगला फोटो काढतो, ते माणूस जातं. याउलट ज्यांचे फोटो माझ्या हातून हलले, ती माणसं कळंबच्या बाजारात अजून भाव करताना दिसतात.

आता दगडाबाईंचं सांगतो. त्या हर्षालीच्या आत्या, याच घरात राहतात. जाता-येता मला पदरानं पुसतात. त्यानं भिंगावर चरे पडतात, पण तेवढ्या मायेनं मला दुसऱ्या कुणी पुसलेलं नाही.

त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन सोलापूरला ठरलं. निघायच्या दिवशी गाडी दारात उभी आणि आत्या खोलीत खुर्चीवर बसून राहिल्या.

"हर्षे, माझा फोटू काढ," त्या म्हणाल्या. "आमच्या दिराचा फोटू लग्नातल्या गर्दीतनं कापून लावलाय. खांद्यावर कुणाचा तरी हात हाय अजून. मला तसला नगं."

"आल्यावर काढू की, आत्या."

"आन् न्हाय आले तर?"

बाहेरून हर्षालीच्या भावानं, रणधीरनं, हॉर्न वाजवला. "आत्या, सोलापूर काय उठून इकडं यायचं न्हाय. चला."

हर्षालीनं मला उचललं. पळून जावं म्हटलं, तर माझे तिन्ही पाय, म्हणजे ट्रायपॉड, हर्षालीच्या स्टुडिओत राहिले होते. खोलीत अंधार. मी घर्र घर्र केलं, पुन्हा केलं, आणि बटण दाबलं गेलं. फोटो कसा आला, ते बघायला कुणी थांबलं नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात, ऑपरेशनला नेण्याआधी, आत्यांनी तो मागून घेतला. हर्षालीनं माझी स्क्रीन त्यांच्यापुढं धरली. मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर इतकं लख्ख आलं होतं की एकादशी वाचता येत होती. आत्या धुक्यात होत्या.

"ही कोण?"

"तुमीच, आत्या."

"मग कॅलेंडरला घाला हार." तेवढ्यात स्ट्रेचर हललं. जाता जाता त्या म्हणाल्या, "असल्या फोटूत मी भिंतीवर जायची न्हाय. परत काढायचा, सांगून ठेवते."

दार बंद झालं. हर्षालीनं मला बॅगेत घातलं आणि चेन ओढली.

मित्रांनो, त्या बॅगेत मी जे भ्यालो, ते कधी भ्यालो नव्हतो. माझा नियम इथं लागू होतो की नाही, तेच कळेना. आत्या धुकट होत्या, पण पूर्ण धुकट नव्हत्या. डावा कान बरा आला होता. तेवढ्यावर माणूस जातं का? विचारणार कुणाला. आम्ही कळंबला परतलो, तरी बॅग कुणी उघडेना. बाहेर माणसं यायची, हळू आवाजात बोलायची, चहा पिऊन जायची. असं कुणाकडं आणि कधी बोलतात, ते मला ठाऊक होतं.

एका सकाळी चेन उघडली. मला पाटावर ठेवलं. शेजारी रणधीरचे पाने-पक्कड, कोयता, शिलाई मशीन. काही कळायच्या आत माझ्या अंगावर हार पडला. झेंडूचा.

मी गेलो, असं मला वाटलं. आत्या गेल्या आणि पाठोपाठ मीही गेलो.

मग हार नीट करणारे हात दिसले. बारीक झालेले, सलाईनच्या सुयांनी काळेनिळे पडलेले. त्यांनी पदर घेतला आणि माझं भिंग पुसलं.

खंडेनवमी होती. त्या दिवशी ज्याच्यावर पोट चालतं, त्या हत्याराला हार घालतात. दर वर्षी मी तेव्हा दुसऱ्यांच्या पूजेचे फोटो काढायला बाहेर असतो, म्हणून आपल्यालाही हार पडतो, हे मला माहीत नव्हतं.

"चल अंगणात," आत्या हर्षालीला म्हणाल्या. "ठरल्यालं काम राहिलंय."

अंगणात लख्ख ऊन होतं आणि उजेडात मी चुकत नाही. त्या दिवशी चुकायचा फार प्रयत्न केला, जमलं नाही. फोटो सुरेख आला. आत्या स्क्रीनकडं बघत राहिल्या. मी थिजलो.

"नाक लई मोठं आलंय," त्या म्हणाल्या. "पुढल्या वर्षी परत काढ."

"आत्या, नाक पैल्यापासनं तेवढंच हाय," रणधीर म्हणाला.

"तू गप रे."

मित्रांनो, माझ्यासारख्या कॅमेऱ्याला कोरड्या जागी ठेवा. भिंग पदरानं पुसू नका. दगडाबाईंना तेवढी सूट आहे. आणि घरातल्या थकल्या माणसांचा फोटो दर वर्षी काढा. त्यांनी त्यात खोट काढली, तर वाद घालू नका. परत काढू म्हणा, आणि पुढल्या वर्षी खरंच काढा.