सोमवारी न बोललेलं वाक्य

नोव्हेंबर १९६५, सोमवार, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. जाकार्ताच्या संसदेत एका समितीचे अध्यक्ष हारुन (सगळे त्यांना आदरानं 'पाक', म्हणजे 'बाबा', म्हणत) यांनी निलंबित करायच्या सदस्यांची नावं वाचली. अकरावं नाव कम्युनिस्टांच्या शेतकरी संघटनेच्या तार्मिदींचं होतं.

"मान्य?" अध्यक्षांनी विचारलं.

"मान्य!" सगळे एकसुरात म्हणाले. हातोडा पडला.

तिथे हात मोजत नसत; होकार सर्वांचा मिळून असे. त्यात कुस्नादींचाही होता. ते राष्ट्रवादी पक्षाचे, पण तार्मिदींच्याच, मध्य जावातल्या क्लातेन गावचे आणि पाच वर्षं त्यांच्या शेजारच्या खुर्चीवरचे. सप्टेंबरच्या अखेरीस जाकार्तात सहा सेनापतींची हत्या झाली आणि आळ कम्युनिस्टांवर आला; पण त्या दिवशी तार्मिदी क्लातेनमध्ये कुस्नादींच्याच मुलाच्या सुंतेच्या जेवणात भात वाढत होते.

बाहेर ओसरीत सुमात्राचे सदस्य सितोरुस यांनी कुस्नादींना गाठलं. "काय हो, घसा बसलाय? तुमचं 'मान्य' निम्मंच ऐकू आलं."

कुस्नादींनी भाताची हकिगत सांगितली.

"मग आत का नाही बोललात?"

"सगळ्यांदेखत? यादी अध्यक्षांनी केलेली, त्यांनाच खोटं पाडू? घरी जाऊन निवांत सांगेन."

"तुम्ही जावाची माणसं! घर पेटलं तरी आधी शेजाऱ्याची ख्यालीखुशाली विचाराल, मग पाणी मागाल."

मंगळवारी कुस्नादी मिठाईचा डबा घेऊन गेले. अध्यक्ष बांडुंगला गेले होते. गुरुवारी दुपारी सैनिकांनी तार्मिदींना घरातून नेलं. चार वाजता अध्यक्ष भेटले.

"अहो, सोमवारीच बोलायचं होतंत. एका वाक्यानं नाव बाजूला ठेवलं असतं. आता कागद लष्कराकडे गेला."

"मी साक्ष लिहून देतो, पाक."

"द्या की. पण इतिवृत्तात होकारही तुमचाच आहे. त्यांनी कुठला कुस्नादी खरा मानायचा?"

कुस्नादींनी लष्कराला तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षी संसदेची फेररचना झाली, त्यांची जागा राहिली. १९७७पर्यंत ते सदस्य होते. पहिल्या रांगेत बसत, क्वचितच बोलत.

तार्मिदींच्या पत्नी, बू (म्हणजे बाई) सुमिनी, दर ईदला कुस्नादींकडे येत.

"पाक, त्यांनी वाढलेला भात तुम्ही खाल्लात ना? तेवढंच लिहून द्या."

"लिहिलंय, बू."

"मग कुणाला तरी वाचायला सांगा. तुम्ही मोठी माणसं, तुमच्या ओळखी असतात."

एकदा कुस्नादी त्यांना म्हणाले, "यादी वाचली त्या दिवशी मी सभागृहात होतो." बू सुमिनींनी चहाचा पेला खाली ठेवला. "ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. पुढच्या ईदलाही त्या आल्या.

१९७९च्या डिसेंबरात राजकीय कैद्यांच्या बुरू बेटावरून सुटून आलेल्या एका शिक्षकानं सांगितलं, की १९७१मध्ये नुसाकंबांगान या तुरुंगाच्या बेटाच्या धक्क्यावर त्यानं तार्मिदींना पाहिलं होतं. उजवा पाय ओढत ते दुसऱ्या बोटीकडे चालले होते. ती बोट कुठे गेली, हे त्याला माहीत नव्हतं.