नावेचे तिरपे खण

आमच्या घरचे म्हणजे उदाराम सुतार. आमच्या मुर्री गावात कुणाची चौकट वाकडी बसली की लोक यांनाच बोलावत. यांचा सगळा भरवसा एका गुण्यावर. काटकोन तपासायचं ते हत्यार सासऱ्यांकडून आलेलं. माझ्यापेक्षा हे त्याच्याशीच जास्त बोलायचे आणि मी वीस वर्षं ते सोसलं.

छप्पन सालच्या जेठात वैनगंगेच्या घाटावर दवाखान्याची नवी नाव तयार झाली. तिच्यात औषधांचे सहा खण बसवायचं काम यांना मिळालं. नदीपलीकडच्या गावात आमची लेक शांती दिलेली, तिला सातवा महिना. पूर आला की नर्सबाईंच्या या नावेशिवाय तिच्याकडे कुणी पोचणार नव्हतं. खण झाल्याशिवाय नाव निघणार नव्हती, म्हणून माझा जीव त्या खणांत अडकला होता.

यांनी घरीच गुण्या लावून सहाही खण केले. काय देखणे! बैलगाडीत घालून घाटावर नेले आणि संध्याकाळी तसेच परत आणले.

"नावच वाकडी हाय," म्हणाले.

"नाव वाकडीच रायते. तुमी सरळ कायले केले?"

नावेचं पोट खाली निमुळतं होत गेलेलं आणि हे चौकोनी पेट्या घेऊन गेलेले. नाचता येईना, अंगण वाकडं!

मी बिड्यांची पानं कापत होते. पानावर पत्र्याचा फर्मा ठेवला आणि म्हटलं, "पान कसंबी असो, मी मोजत नाई. फर्मा ठेवते आन कापते. तुमी नावेच्या पोटाचा फर्मा घ्या ना."

"बिडीवाली आता मले सुतारकी शिकवून रायली!"

दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी पाहते तर रॉकेलच्या रिकाम्या डब्याची एक बाजू गायब आणि माझी पानाची कात्री पार बोथट. मला हसू आवरेना.

नवे खण तिरपे झाले, नावेच्या पोटाला चिकटून बसले. तळ मागच्या बाजूला किंचित उतरता ठेवलेला, म्हणजे नाव डुलली तरी खण आपोआप बाहेर येऊ नयेत. नर्सबाईंनी वाहवा केली तर हे म्हणतात, "हातचं काम हाय, बाई." माझं नाव नाही! मी जी संतापले, त्या दिवशी भाजीत मीठच घातलं नाही.

श्रावणात पूर चढला. एका दुपारी नर्सबाई दारात उभ्या, लुगडं चिखलाने भरलेलं, पण चेहरा हसरा. शांतीला दवाखान्यात आणताना मधल्या धारेतच ती बाळंत झाली होती.

"नात झाली. दोघी खुशाल आहेत," त्या म्हणाल्या.

आणि यांनी काय विचारावं? "खण सरकले तं नाई ना, बाई?"

"एकही नाही. नाव कलली होती, तरी कात्री, दोरा, औषध, सगळं हाताला लागलं."

मी रागाने यांच्याकडे वळले, तर डोळ्यांतून धारा लागलेल्या. उपरण्याने तोंड पुसत नर्सबाईंसमोरच म्हणाले, "फर्म्याची अक्कल हिची होती, बाई."