ब्रुनोचं लाकडी घर

हरेशने बर्फाच्या पाण्यात बुडवलेला रुमाल ब्रुनोच्या नाकावर दाबून धरला, तरी पेणच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या पांढऱ्या फरशीवर रक्ताचे थेंब पडतच राहिले.

"गोचीडताप," डॉक्टर म्हणाले. "त्यानंच नाक वाहतंय. गोळ्या जेवणासोबत पोटात गेल्याच पाहिजेत, नाहीतर वाचायचा नाही. झोपतो कुठे?"

"शेजाऱ्याच्या गोठ्यात." हरेशच्या आवाजात पोलिसांत तक्रार द्यावी तसा सूर होता.

"घरातल्या फटी-कोपरेही बघून घ्या," असं डॉक्टर पुढे सांगत होते. पण तोवर हरेश शेजारच्या महिपतीला ऐकवायची वाक्यं जुळवायला लागला होता.

वरसे गावातल्या नव्या बंगल्यात आल्यापासून त्याने या कुत्र्यासाठी काय कमी केलं होतं? पाकिटातलं महागडं खाणं, चामडी पट्टा, अंगणात प्लायवूडचं घर आणि त्यावर रंगवून घेतलेलं नाव. कुत्रा दुपारभर त्यात लोळायचा आणि दिवेलागणीला कुंपणाखालून महिपतीकडे सटकायचा. महिपती त्याला काळ्या म्हणायचा. ब्रुनो म्हटलं तर कुत्र्याचा कानही हलत नसे. काळ्या म्हटलं की अख्खा कुत्रा हलायचा.

घरी येताच हरेश कुंपणाशी गेला.

"तुमच्या गोठ्यातल्या गोचिडींमुळे झालंय हे. डॉक्टरच म्हणाले."

महिपतीने हातातला पेंढा खाली ठेवला.

"मी तर रोज झाडतो, हरेशशेठ." मग कुत्र्याच्या नाकाकडे बघून तो हळूच म्हणाला, "असंल बाबा. माजंच चुकलं असंल."

दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्या गोठ्याला चुना मारला आणि कुंपणाशी येणं बंद केलं.

ब्रुनो आता रात्रंदिवस आपल्या घरात राहू लागला. निष्ठा म्हणतात ती हीच, असं हरेशला वाटलं. साखळीही चांगली जाड होती. फक्त कुत्रा खात नव्हता. चिकनमध्ये लपवलेली गोळी तो बाहेर काढून ठेवायचा. नाक पुन्हा वाहू लागलं.

"अहो, महिपतीकाकांना हाक मारा ना," भाग्यश्री म्हणाली. "त्यांच्या हातून खाईल."

"कुत्रा माझा आहे."

"ते त्याला कुठं माहितीय?"

बायकोला उत्तर द्यायचं टाळायला हरेश कुत्र्याचं अंथरूण बदलायला बसला. गादी उचलली आणि तो तसाच राहिला. प्लायवूडच्या प्रत्येक सांध्यात, भिजवलेल्या वालाएवढ्या फुगलेल्या गोचिडी ओळीने बसल्या होत्या. मग उठून त्याने साखळी सोडली.

संध्याकाळी परसात प्लायवूड जळू लागलं. महिपती कुंपणापलीकडे येऊन थांबला.

"नवंच हाय ना अजून?"

"वाळवी लागली."

आगीत काहीतरी तडतड फुटत होतं. ते दोघांनीही ऐकलं.

"वाळवीचा काय भरवसा," महिपती म्हणाला.

हरेशने खिशातलं गोळ्यांचं पाकीट कुंपणावरून पुढे केलं. महिपतीने घरातून भाकरीचा तुकडा आणला, त्यात गोळी दाबली. कुत्रा कुंपणाखालून गेला आणि एका घासात खाऊन मोकळा झाला. त्याची हनुवटी महिपतीच्या गुडघ्यावर टेकली.

भाग्यश्री आत आहे ना, हे हरेशने एकदा वळून पाहिलं. मग जेमतेम ऐकू जाईल अशा आवाजात त्याने हाक मारली.

"काळ्या."

शेपटी एकदा हलली.