भामीची मान आन दुधाचा टेम्पो

सांगते, पण मधी कुणी बोलायचं न्हाई. मधी बोललं की माझं डोकं फिरतं, आन डोकं फिरलं की मी भल्याभल्यांना सोडत न्हाई, तुमी तर कोण!

आमची महिला दूध संस्था. सह्या बायांच्या, शेणात हात बायांचे, आन सचिव तेवढा बाप्या, अर्जुनराव. असू द्या. गाव आमचं चौसाळ्याच्या अलीकडं. त्या साली दुष्काळानं असं धरलं की पाण्याच्या टँकरचा हॉर्न ऐकून म्हाताऱ्या बी पळायच्या. जनावरं सगळी चारा छावणीत, आन आमी बाया बी तिथंच पालं ठोकून. पण गाई दूध देत व्हत्या आन त्याच दुधावर चुली पेटत व्हत्या. ते दूध चिलिंगला, म्हंजे दूध थंड करायच्या केंद्रावर, पोचवायला संस्थेनं एक जुना टेम्पो घेतलता. त्याची डायवर कोण? माझी धाकली जाऊ, भामाबाई!

व्हय, बाई डायवर! लायसनवाली! आमी जातीचे मेंढरामागं चालणारे. आमच्यात बाईनं बैलगाडीचा कासरा धरला तरी लोक वळून बघायचे, आन ही पोरगी टेम्पोच्या चाकावर बसायची. एकदा मला म्हणली, "आक्का, चाकावर बसले की मला कुणी म्हाळूची बायको म्हणत न्हाई. भामाबाई आली म्हणतात." मला लई गोड वाटलं ते.

आन नेमकी त्याच साली तिची मान आखडली. टँकरपासून छावणीपतुर डोक्यावर एक हंडा, डाव्या कमरंवर एक कळशी, रोजची ये-जा. मान उजवीकडं वळंनाच. मागून हाक मारली तर आख्खी बाई फिरायची, नांगर वळवल्यासारखी. चिलिंगचा धक्का, म्हंजे कॅन उतरवायचा ओटा, बोळात हाय, टेम्पो उलटा लावावा लागतो, उजव्या खिडकीतून डोकं काढून मागं बघावं लागतं. भामीला ते जमंना. एक दिवस अंदाजानं मागं घेतला आन धाडकन् धक्क्याला धडकवला. कॅन उलटले. ते दूध तापलेल्या फुफाट्यात जिरताना बघून आमी बाया मोठ्यानं रडलो.

अर्जुनरावाला तेच पाहिजे व्हतं. "पाडव्याला सालगडी ठरतात, तसा आपला डायवर बी पाडव्यालाच ठरवू," म्हणला. "तवर भामाबाईनं भरल्या गाडीनिशी धक्क्याला लावून दाखवावं. न्हाईतर आमचा बंकट हायेच." बंकट म्हंजे त्याचा भाचा. ज्याला उन्ह डोक्यावर आल्याबिगर जाग येत न्हाई तो पहाटेचं दूध नेणार! भामी तोंड फिरवून बसली. तोंड फिरवायला बी तिला सगळं अंग फिरवावं लागलं.

मी म्हणलं, रडू नको, मी हाय.

आता मी पायाळू. पायाकडून जन्मलेली. आमच्याकडं कुणाच्या कमरंत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावतात. माझ्या पायाला पंचक्रोशीत मागणी हाय, सरपंच बी पालथा पडलाय माझ्यापुढं! भामीला पालथं घातलं आन लावला पाय. "बरं वाटतंय आक्का," म्हणली. दुसऱ्या दिवशी मान पुन्हा लाकूड.

मग चौसाळ्यात लेकीकडं आलेली साखराबाई गाठली, युसूफ वडगावची, अंग चोळण्यात नाव असलेली. काय हात म्हणावं! ओवा-लसणाचं कोमट तेल, आन भामी चोळता चोळता घोरायला लागली. उठली तर तोंडावर तेज आलेलं. पण साखराबाई खरं बोलणारी. म्हणली, "बायडाबाई, मी शिणवटा काढते, नसा मोकळ्या करते, झोप लागते. पण हिचं सगळं अंगच एका अंगाला गेलंय. ते जागेवर बसवायचं काम माझं न्हाई."

"मग कुणाचं?" तर तिला ठाव न्हाई.

मग गेलो बीडला. स्टँडाच्या मागं पाटी दिसली, मान-मणका एका झटक्यात मोकळा. आत एक गडी. काय झालंय, कवापासून, पडलीबिडली व्हतीस का, एक शब्द इचारला न्हाई. भामीला खुर्चीवर बसवलं आन दोन्ही हातांनी तिचं डोकंच धरलं!

"थांब रे मुडद्या!" मी वरडले. "कुठं शिकलास हे?"

"व्हिडिओ बघून हात बसलाय, मावशी. गॅरंटी देतो की."

"गॅरंटी मिक्सरला देतात! माणसाच्या मानंला कुठली गॅरंटी?" भामीचा हात धरून तिला बाहेर वढली. त्यानं कटकन् काय मोडलं असतं म्हंजे?

तिथून दवाखान्यात. डॉक्टरीणबाईनं फोटो काढला, बोटांना मुंग्या येतात का, चक्कर येते का, सगळं इचारलं. हाडात काय न्हाई म्हणल्या आन एक नाव सांगितलं, शाहीन मॅडम. "त्या अंगाची ठेवण बघून काम करतात. मालिश नाही ते. चौकशी करा, पटलं तर जा."

पटायचं काय, पुढच्या आठवड्यात आमी दारात! आन हितं आमचा घोळ झाला. दुसऱ्याच्या हातात अंग द्यायचं तर कोरडं कसं द्यायचं? तिचं तेल कशाला खर्ची घालायचं? म्हणून पहाटंच मी भामीला डोक्यापासून टाचंपतुर करडईच्या तेलात बुडवून काढली. येष्टीत बाकडं तेलकट झालं, कंडक्टर बोंबलला, पण म्हणलं आपण तयारीनं आलो.

शाहीन मॅडमनं भामीच्या दंडाला हात लावला आन हात सुर्रकन् घसरला. मॅडम, वयानं पोरगीच, अशी हसली! "मावशी, मला तेल चालत नाही हो! मालिशमध्ये हात घसरावा लागतो. मला पकड लागते."

मी वरमले. पण मॅडम उठली, आतून पाण्याची भरलेली बादली आन डाळीचं पीठ घेऊन आली. बीडात बी नळाचा नेम नव्हता त्या साली, तिच्या मोरीत पिंपं झाकून ठेवलेली मी डोळ्यानं बघितली. असल्या सालात बादली पुढं करणारं माणूस! मी निम्मी तिथंच वळले.

पण निम्मीच. भामी अंग धूत व्हती तवर मी मॅडमला घेतली उलट्या-सुलट्या तपासणीला. कुठं शिकलीस? किती सालं? मी बी पायाळू हाय, मला फसवू नको, म्हणलं. तिनं राग धरला न्हाई. आधी व्यायाम-उपचाराची डिग्री, मग पुण्याला ह्याच कामाचं वेगळं शिक्षण, मोठ्या शिक्षकांच्या समोर हात चालवून परीक्षा. भिंतीवरचं सर्टिफिकेट काढून माझ्या हातात दिलं. चौसाळ्याच्या एका मास्तरणीला तिच्याकडून गुण आलता, मॅडमनं तिला आधी इचारलं आन मग फोन लावून दिला. मी पार खोदून खोदून बोलले. मग मॅडम आपणहून म्हणली, "हाड मोडलेलं असेल, ताप असेल, पायात रक्ताची गाठ असेल, तर मी हात लावत नाही, डॉक्टरकडे पाठवते. आणि तीन-चार बैठकांत फरक दिसला नाही तर मीच सांगेन, थांबा. आता तुमचं सांगा मावशी, तुम्ही किती वर्षं करताय पायाळूपणा?"

"जन्मापासून!" मी म्हणलं. दोघी बी हसलो.

भामी आली. मॅडमनं तिला निजवलं न्हाई. उभी केली. पुढून बघितलं, मागून बघितलं, चाल म्हणली, वाक म्हणली. "ताई, कळशी डाव्या कमरेवर घेता ना?" भामीनं डोळे मोठे केले. मग आडवी केली आन हात कुठं लावला? डाव्या बरगडीखाली!

"ओ मॅडम! मान दुखतीय, मान!"

"मावशी, बकरं सोलताना कातड्याखाली पांढरा पापुद्रा बघितलाय?"

बघितलाय म्हंजे! धनगराच्या पोरीला हे इचारतात?

"तो पापुद्रा माणसाच्याही अंगात असतो, मानेपासून तळपायापर्यंत, सगळ्या मांसाला गुंडाळलेला. घोंगडी एका कोपऱ्याला ओढली की सुरकुती दुसऱ्या कोपऱ्याला पडते की नाही? ताईंची ओढ कमरेला आहे. मानेला नुसती सुरकुती."

मला पटलं. मला दुसऱ्याचं पटलं हे आमच्या घरात सांगितलं तर कुणाला खरं वाटायचं न्हाई.

आन काम तरी कसं! चोळणं न्हाई, थापटणं न्हाई. कोपर-बोटं हळूच टेकवायची आन दाबून वाट बघत बसायची. "ताई, आता पाय सरकवा. श्वास घ्या. दुखलं तर बोला, लगेच थांबते." भामी घोरली न्हाई, तिला कामच लावलतं. साखराबाईच्या हातात अंग सोडून द्यायचं व्हतं, हितं अंगानं साथ द्यायची व्हती.

पण उठली तर मान तशीच! मी पेटले. येष्टीत बसल्या बसल्या मॅडमला नावं ठेवायला सुरुवात केली. भामी खिडकीतून बाहेर बघत म्हणली, "आक्का, गप की जरा. माझा डावा पाय आज पुरा टेकलाय. कवापासून टेकत नव्हता त्येच मला ठाव नव्हतं."

मग आमी जातच राहिलो. दर आठवड्याला, सकाळचं दूध पोचवून; तवर गाडी बोळाच्या तोंडाशीच उभी करून कॅन आमी बायाच धक्क्यापतुर वाहत व्हतो. मॅडमनं घरी करायला थोडं थोडं शिकवलं, चालायचं कसं, बसायचं कसं, कळशी अदलाबदलीनं घ्यायची. मी छावणीत पहारेकरीणच झाले. "भामे, कमर बदल!" म्हणून लांबूनच वरडायचे, की निम्म्या छावणीतल्या बाया दचकून आपापली कमर बदलायच्या. आन एक दिवस वासरू सुटलं, कुणी तरी बोंब मारली, आन भामीनं धारंवर बसल्या बसल्या उजवीकडं मागं बघितलं. नुसत्या मानंनं! तिला कळलंच न्हाई. मी पाहिलं. माझ्या हातातली घमेली पडली. आई आई आई! मी नाचलेच की ओ, ह्या वयात!

पाडवा उजाडला. पालापुढं गुढ्या उभ्या केल्या, कडुलिंब खाल्ला, धारा काढल्या, कॅन काठोकाठ भरले. संस्थेच्या बाया झाडून टेम्पोच्या मागं चढल्या, मी भामीशेजारी. चिलिंगच्या धक्क्यावर अर्जुनराव, शेजारी बंकट, नवा शर्ट, डोळ्याला गॉगल. माझ्या छातीत असं धडधडत व्हतं की इंजिन माझंच चाललंय असं वाटावं.

भामीनं बोळाच्या तोंडाशी गाडी थांबवली. गियर टाकला. उजव्या खिडकीतून डोकं काढलं आन मान वळवली. वळली. अजून वळली. ती मागं बघत व्हती आन मी तिच्याकडं बघत व्हते. गाडी मुंगीच्या पावलानं मागं निघाली. मागं बाया श्वास धरून बसल्या, एक कॅन वाजंना. आन मग धक्क्याला टेम्पो असा टेकला, असा अलगद, की बंकटनं वाकून बघितलं खरंच टेकला का.

मग जो गलका झाला! बायांनी कॅनची झाकणं वाजवली. मी तर रडत व्हते, हसत व्हते, आन रडत व्हते.

अर्जुनराव धक्क्यावरून उतरून टेम्पोच्या बाजूला आला, उजव्या खिडकीच्या जवळ उभा राहिला. हात पुढं केला. "जमलं म्हणायचं. बरं, किल्ली द्या हिकडं. मंडळ बसून ठरवील."

मागून आमच्या संचालक बाया एका सुरात वरडल्या, "मंडळ हितंच बसलंय!"

भामी उतरली न्हाई. इंजिन चालूच. मान फिरवली, नुसती मान, खांदे जागच्या जागी, आन त्याच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणली, "सचिव, किल्ली गाडीलाच हाय आन गाडीलाच राहील. कॅन उतरून घ्या, मला सांजच्या दुधाला जायाचंय. आन तेवढं बाजूला सरका. तुमी मधी उभे राहिलात की मला मागचं दिसत न्हाई."

अर्जुनराव सरकला.