पोर्ट लिहिलेला पुठ्ठा

मित्रांनो, मी बुटांच्या खोक्याचं जुनं झाकण आहे. माझ्या दोन भोकांत अजून दोरी आहे, आणि तिचीच मला लाज वाटते.

इंग्लंडात यॉर्कशरमधल्या एका गिरणगावच्या शाळेत थ्वेट बाईंनी माझ्यावर काळ्या शाईने ‘पोर्ट’ लिहिलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ वाहून नेणे. एक मूल मला गळ्यात घाली. दुसरी मुलं ‘एक्स’, ‘इम’, ‘ट्रान्स’ अशा चिठ्ठ्या घेऊन त्याला चिकटून उभी राहत. मग शब्दाच्या तुकड्यागणिक वर्ग टाळी वाजवी. मला घालायला मुलं भांडत आणि मी फुशारून जाई.

पुढे तपासणीला साहेब येणार असं कळलं, नि बाईंचा धीर सुटला. त्यांनी नियम काढला, जो अडखळेल त्याने मला जेवणाच्या सुट्टीपर्यंत घालून बसायचं.

हिल्डा बोलताना अडखळे. पण शब्द सगळ्यांत जास्त तिलाच येत. सुगीच्या प्रार्थनेला चर्चमध्ये वाचायला तिचीच निवड झाली होती. त्या दिवशी तिला ‘ट्रान्सपोर्टेशन’ आलं. चार टाळ्या वाजूनही गेल्या.

“टाळ्या संपल्या की गं. तू अजून ट्रान्समध्येच?” केनेथ म्हणाला. वर्ग हसला.

“बाई, म... मला येतं.”

“मग म्हण की. नाहीतर घाल गळ्यात,” बाई म्हणाल्या.

तिने मला घातलं. तिच्या छातीची धडधड मला ऐकू येत होती. चर्चमध्ये दुसऱ्याच मुलीने वाचलं. हिल्डा पुन्हा वर्गात आपणहून बोलली नाही. बाईंनी मला कपाटात टाकलं, पण चूक झाली असं तिला कधी म्हणाल्या नाहीत.

गेल्या वर्षी शाळा बंद झाली आणि सामान विकायला मांडलं. पांढऱ्या केसांच्या एका बाईंनी मला उचललं. नखाने माझ्या पाठीवर हळूहळू चार टिचक्या मारत त्या म्हणाल्या, “ट्रान्स... पोर... टे... शन.” हिल्डाच ती.

“आजी, घ्यायचा का हा?” नातीने विचारलं.

“नको गं. गळ्यातून काढायलाच मला साठ वर्षं लागली.”

तिने मला परत विक्रीच्या खोक्यात ठेवलं. मित्रांनो, मी तुमच्या हाती लागलो तर मला खुशाल वापरा. शब्द जोडा, टाळ्या वाजवा, अडखळणाऱ्यासाठी थांबा. पण त्याआधी माझी ही दोरी कापून टाका.